दमट माल

पेडण्याच्या पठारावर विमानतळ झाला तेव्हा आमच्या वाड्यावर दोन प्रकारची माणसं होती. ज्यांच्या काजूबागा गेल्या ती रागावलेली, आणि ज्यांच्या गेल्या नाहीत ती टॅक्सी घ्यावी की भाड्याच्या खोल्या बांधाव्यात या विचारात पडलेली. मी दोन्हींत नव्हतो. पहिलं विमान घरावरून खाली उतरत गेलं तेव्हा मी चहाचा कप घेऊन अंगणात उभा होतो, आणि मनात एवढंच आलं की आता याचं सगळं स्पष्ट ऐकू येईल. माझ्या धाकट्या भावाची बायको दारातून म्हणाली, "भावजी, तुमी हसतात!" मी हसत होतो हे मला ठाऊक नव्हतं. मी फारसा हसणाऱ्यांपैकी नाही.

तीस वर्षं मी मुरगाव बंदरात रेडिओच्या खोलीत नोकरी केली. खनिज न्यायला आलेल्या बोटी बाहेर नांगर टाकून थांबत. आत कधी यायचं, कुठल्या धक्क्याला लागायचं, ते त्यांना आम्ही सांगायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला बजावलं होतं की इथे कानावर पडेल ते दाराबाहेर न्यायचं नाही. कुठल्या बोटीवरचा माणूस समुद्रात पडला, कुठल्या कप्तानाला घरून वाईट निरोप आला, हे सगळं आमच्या कानांवरून जाई, आणि संध्याकाळी बसमध्ये आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारत घरी येत असू. मला या गोष्टीचा अभिमान होता. लोकांच्या पोटात काही राहत नाही, माझ्या राहतं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढला. लग्न केलं नव्हतं, घरात माझ्यामागे कटकट करणारं कुणी नव्हतं, तेव्हा पुढची खोली तारांनी भरून गेली. छपरावर तांब्याची नळी उभी केली. तिची वायर जनेलातून आत घेतली, अंगठ्याएवढ्या रिसीव्हरला जोडली आणि रिसीव्हर जुन्या लॅपटॉपला. विमान जमिनीशी नुसतं वैमानिकाच्या तोंडाने बोलत नाही. त्यातली यंत्रं जमिनीवरच्या यंत्रांना छोट्या छोट्या चिठ्ठ्या पाठवत असतात. शेजारी ठेवलेल्या स्कॅनरवर, म्हणजे विमानांची बोलणी पकडणाऱ्या छोट्या रेडिओवर, ऐकलं तर ती चिठ्ठी म्हणजे तेलात मोहरी तडतडल्यासारखा अर्ध्या क्षणाचा आवाज. सॉफ्टवेअर त्या तडतडीतून अक्षरं सोडवतं आणि पडद्यावर ओळी उमटतात.

त्या ओळींत काही गुपितं नसतात, निदान मला तसं वाटत असे. विमान कधी उतरेल, किती उंचीवर आहे, मागच्या संडासाचं दार लागत नाही, कॉफीचं यंत्र बंद पडलंय, चार प्रवाशांना चाकांच्या खुर्च्या हव्यात. सगळं इंग्रजी लघुरूपांत. मी एक वही केली होती, त्यात डावीकडे अक्षरं आणि उजवीकडे मराठी अर्थ. जो अर्थ सापडत नसे तो मी अंदाजाने लिहीत असे. अंदाज चुकेल असं मला सहसा वाटत नाही, हा माझा जुना दोष.

धाकटा भाऊ मूळचा ट्रकवाला. मुळगावच्या बाजूला खाणींवर त्याने उमेदीची वर्षं काढली. खाणी बंद पडल्या तसा तो आखातात गेला आणि तिथल्या एका विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. मूलबाळ झालं नाही. बायको इथे माझ्याबरोबर राहिली. वर्षातून एकदा तो सुट्टीवर येई, आणि विमानतळ जवळ आल्यापासून त्याच्या येण्याची एक पद्धत पडून गेली होती.

पद्धत अशी. त्याचं विमान समुद्रावर असल्यापासून मी पडद्यापुढे बसायचं. ती सकाळी बांगड्यांची कढी करून ठेवी, उकडे तांदूळ धुऊन ठेवी आणि मधूनमधून दारात येऊन विमान कुठवर पोचलं ते विचारी, "खंय पावलां?" विमानाचा उंचीचा आकडा कमी व्हायला लागला की मी ओरडायचो, "उतरूक लागलां!" मग ती शीत, म्हणजे भात, चुलीवर चढवायची. उकड्या तांदळाला वेळ लागतो. विमान उतरून, कागदपत्रं होऊन, बॅगा मिळून, टॅक्सी घाटी उतरून दारात येईपर्यंत बरोबर शीत होत असे. तो पायही न धुता चुलीपाशी जाऊन भांड्यावरचं झाकण उचलून बघायचा आणि तिचा ओरडा खायचा.

मागच्या खेपेला तो आला होता तेव्हा दुपारी आडवा पडल्या पडल्या माझी ती वही चाळत होता. मध्येच त्याने विचारलं, "दादा, ह्यो दमट माल म्हणजे काय?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. कधी कधी चिठ्ठीत एच-यू-एम अशी तीन अक्षरं येतात, पुढे एक किंवा दोन असा आकडा. ह्युमिड. म्हणजे ओलसर माल, बहुतेक सुंगटं-कोळंबीसारखी मासळी, नाहीतर फुलं. अशी चिठ्ठी आली की मी भावजयीला गमतीने सांगत असे, आज विमानातून सुंगटं आली बघ, बाजारात स्वस्त होतील.

तो उठून बसला. "दादा, ती मासळी न्हय रे. तो माणूस. मेल्लो माणूस, पेटयेत घातल्लो."

तो मग सावकाश सांगत राहिला. अशा पेट्या तो स्वतः चढवतो. त्यांच्या शेजारी जनावरं ठेवत नाहीत, वर दुसरं सामान रचत नाहीत. त्याच्या टोळीत दोघे सिंधुदुर्गातले, एक डिचोलीचा. पेटी आत सरकवताना ते आपल्या भाषेत म्हणतात, "घरा पाव रे बाबा." पेटीतला माणूस बंगालचा असो की केरळचा, म्हणतात.

त्याची बायको आदोळीवर नारळ खवत होती. तिचा हात थांबला होता. "आनी तेच्या घरचे?" तिने विचारलं. "ते तेच विमानात आसतत?"

"कधी आसतत. बाकीचे वयर बसान जेवतत, हसतत, पोरां धावतत. खाली काय आसा ता तेंका कोण सांगतलो?"

"सांगूक नको," ती म्हणाली, आणि पुन्हा खवायला लागली.

मी वहीत ते दोन शब्द खोडले आणि "माणूस" लिहिलं. मला लाज वाटली होती. वर्षभर मी मेलेल्या माणसांवर सुंगटांचे विनोद केले होते. त्यानंतर ती अक्षरं पडद्यावर आली की मी घटकाभर स्कॅनरचा आवाज बंद करत असे.

तो परत गेला. सहा-सात महिने गेले, आणि एका सोमवारी सकाळी त्याच्या खोलीवर राहणाऱ्या डिचोलीच्या माणसाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. "दादा, तुमी बसल्लेत मरे?" त्याने विचारलं. मी उभा होतो, पण हो म्हटलं. भाऊ कामावर असताना छातीत दुखतंय म्हणून सावलीला खाली बसला होता, तो उठलाच नाही. कागद व्हायला तीन-चार दिवस लागतील, शुक्रवारच्या विमानाने पाठवतील, असं तो म्हणाला. मग तो रडायला लागला आणि मीच त्याची समजूत घातली.

भावजय तेव्हा विहिरीवर होती. मी मागच्या वाटेने आमच्या वाड्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे गेलो. शेजारची काकीही तिथे आली. मास्तर म्हणाले, "मडां येयसर तिका सांगू नका. चार दीस ती पाणीसुद्धा घेवची नाय. मडां येतला तेन्ना एकदाच रडान घेंव दी." काकी पदर तोंडाला लावून मान हलवत होती. आमच्याकडे असंच करतात. परदेशात कुणी वारलं की बायकांना आजारी असल्याचं सांगतात आणि पेटी दारात आल्यावर खरं सांगतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. उलट मनात आलं, गप्प राहणं तर मला जमतंच. भाऊ गेल्याचं दुःख मला अजून झालंच नव्हतं. माझ्यावर एक कामगिरी आली आहे एवढंच मला कळत होतं.

मी तिला सांगितलं की त्याला हृदयाचा त्रास झाला आहे, तिथल्या इस्पितळात आहे, शुक्रवारी स्ट्रेचरवरून घरी पाठवणार आहेत.

"बोलतत?" तिने विचारलं.

"तोंडात नळी घातलीय. फोन देत नाहीत."

"जेवतत?"

"सलाईन आहे."

"बरा," ती म्हणाली. मग तिने घागर आत नेली.

मंगळवारी ती काही विचारेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, सोबत कोण येतंय. तिने विचारलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मी मनात हुश्श केलं. त्याची गादी तिने उन्हात घातली, चादर बदलली, खोली सारवल्यासारखी लख्ख केली. जेवण दोन्ही वेळा वाढलं. माझ्यासमोर बसून जेवलीही, घास मोजून मोजून, पण जेवली. मास्तरांचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटलं. मीच तेवढा जेवू शकत नव्हतो, आणि तिने त्याबद्दलही काही विचारलं नाही. पुढच्या खोलीत मी सकाळ-संध्याकाळ त्या पडद्यापुढे बसत होतो. हेडफोन कानांवर होता. काय ऐकत होतो ते आज सांगता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी मास्तर आणि वाड्यावरचे दोघे कागद घेऊन विमानतळाच्या मालाच्या फाटकाशी गेले. शववाहिका तिथेच बोलावली होती. मी घरी थांबायचं ठरलं, कारण मी गेलो तर पडद्यापुढे कोण बसणार, आणि पडद्यापुढे कुणी नसलं तर तिला संशय येईल. तिरडीचं सामान काकीच्या गोठ्यात लपवलं होतं. मडं घरातून उचलून नेईपर्यंत आमच्या वाड्यावर कुणी चूल पेटवत नाही. मडं अजून यायचं होतं, पण लोकांनी पहाटेपासूनच चुली पेटवल्या नाहीत. कुठून धूर नाही, कुठून कुकरची शिटी नाही. मी ते ऐकलं आणि मला वाटलं, फक्त मलाच ऐकू येतंय.

साडेआठला ती पाववाल्याकडून रिकाम्या हाताने आत येऊन म्हणाली, "पोदेर आमच्याकडे येयसर रिकामो जालो. सगळ्यांनी दुप्पट उंडे घेतले म्हणता."

"असेल कुणाकडे काही," मी म्हणालो.

"आसतला," ती म्हणाली.

नऊच्या सुमारास विमान समुद्रावर दिसायला लागलं. पडद्यावर तो ठिपका, त्याच्यासमोर आकडे. भाऊ सुट्टीवर येई तेव्हाचाच ठिपका, तेच आकडे, काही फरक नव्हता. मग स्कॅनरवर मोहरी तडतडली आणि चिठ्ठी उमटली. उतरण्याची वेळ. चाकांच्या खुर्च्या, तीन. एच-यू-एम, एक.

चार दिवस मी लोकांना फोन केले होते, मास्तरांबरोबर लाकडांचं बोललो होतो, भटजींना निरोप दिला होता. पण तो गेला आहे हे मला त्या ओळीने कळलं. माझ्या भावाला त्या तीन अक्षरांचा अर्थ ठाऊक होता, त्यानेच मला तो सांगितला होता. त्याची पेटी आत सरकवताना त्याच्या टोळीतल्या माणसांनी काय म्हटलं असेल ते माझ्या मनात आलं. स्कॅनरचा आवाज बंद करायला मी बटण शोधत होतो, ते सापडेना.

दारात ती उभी होती. हातात धुतलेल्या तांदळाचं भांडं. डोकीत अबोलीच्या गजऱ्याची ताजी फांती. मी खुर्ची सरकवून पडदा झाकला जाईल असा आडवा आलो. ती पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"उतरूक लागलां?"

उंचीचा आकडा कमी होत होता. "लागलां," मी म्हणालो.

"शीत घालू?"

बंदरात असताना एकदा वादळात सापडलेल्या बोटीला मी दोन तास शांत आवाजात सूचना देत होतो. माझा आवाज एकदाही हलला नाही असं कप्तानाने नंतर येऊन सांगितलं होतं. त्या माणसाला आता एवढं साधं उत्तर देता येईना. हो म्हटलं तर वाड्यात एकच चूल पेटेल, ती त्याच्या घरातली, आणि त्या चुलीवर शिजलेलं शीत तासाभराने तिला स्वतःच्या हाताने बाहेर टाकावं लागेल. नाही म्हटलं तर संपलं. आतापर्यंत सगळे मला गप्प राहायला सांगत होते. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"आज नाका, बाय," मी म्हणालो.

तिने भांडं हळूच जमिनीवर ठेवलं.

"आता सांगतात, भावजी?" ती म्हणाली.

मला वाटलं ती कोसळेल, म्हणून मी उठलो. ती कोसळली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "माका सोमारा सांजेकच कळला," ती म्हणाली. "काकी फांती घेवन इली. ह्या घरात मी येवन वीस वर्सां जाली, तिने माका अबोलीचो एक कळो कधी दिवक नाय. चवथीकसुद्धा मागून घेवची पडता. सोमारा सांजेक आपणच इली, आपल्या हातान माझ्या केसांत माळली आनी फाटीर हात फिरयलो. मंगळारा परत हाडली. बुधवारा परत. पयल्याच सांजेक जाणलंय. फुडे माका कोण माळूक दितलो नाय, म्हणान ती हाडता."

काकीने ते प्रेमाने केलं होतं. विधवा झाल्यावर केसांत फूल चालत नाही, तर असतील तेवढे दिवस तरी पोरीने माळावं, एवढाच तिचा हिशेब. आम्ही पुरुषांनी तोंडं बंद ठेवली होती आणि तिने फुलांनी सगळं सांगून टाकलं होतं. मी ती फुलं चारही दिवस बघितली होती. मला वाटलं होतं, नवरा घरी येतोय म्हणून ही नटते आहे.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. आजही तो प्रश्न आठवला की मला स्वतःचा संताप येतो.

"कोणाकडे बोलू?" ती म्हणाली. "तुमी कानार ता घालून बसल्लेत. मास्तर माका बघून वाट बदलतत. काकी रडता आनी कांदो कापलंय म्हणता. सगळे माका सांबाळतत. मी बोल्लंय आसतंय तर तुमी सगळे मोडून पडल्ले आसतात. मगे मीच तुमका सांबाळलंय." तिने हात मागे नेऊन फांती सोडवली. ओढली नाही, पिना एकेक काढल्या. "तेंचो जीव गेलो, आनी मी चार दीस फुलां माळून भोवलंय. तुमका बरा दिसाचा म्हणान जेवलंय. माका रडूक तरी दिवचा होता, भावजी. तो माझो घोव."

मला वाटत होतं की मी तिच्यावर येणारं ओझं चार दिवस माझ्या अंगावर धरून ठेवलं. ते तिच्याच अंगावर होतं आणि वर माझंही तिनेच उचललं होतं. रडायला तिला कुणाची मोकळीक लागावी, हेच मुळात वाईट होतं, आणि ती न देणाऱ्यांत मी पहिला होतो.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग आला. तो ऐकून काकी परसातून धावत आली आणि दारातच थबकली. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. त्या घरात मी तिच्यासमोर असा कधी बसलो नव्हतो. विमान छपरावरून गेलं. कौलं थरथरली. ती रडत राहिली आणि मीही रडलो, चार दिवसांत पहिल्यांदा.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं.

"पावले?" तिने विचारलं.

मी उठून ओळ वाचली. "पावलो," मी म्हणालो. सोमवारपासून मी तिला तिच्या नवऱ्याविषयी सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती.